डाव्या गुडघ्यावरची पट्टी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवीन. तो आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा मुख्य चढाईपटू होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहायचं तर त्याला विचारावं लागेल, आणि ते विचारण्याआधी त्याला दुसरंच काही सांगणं भाग होतं. ते सांगायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली.

मी पुण्यात आलो ती आणीबाणी उठल्यानंतरची वर्षं. आमच्या तालुक्याच्या गावी वडील बसस्थानकावर हमाली करत. घरात अकरावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. गावाकडच्या शाळेत गणित बरं होतं म्हणून गुरुजींनी पुण्याला धाडलं. पुण्यात खोली मिळाली नव्हती. एका दूरच्या नातेवाइकाच्या पिठाच्या गिरणीत मागच्या बाजूला झोपत असे आणि एकदाच जेवत असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेज सुटल्यावर मैदानाच्या कडेला बसून कबड्डीचा सराव बघायचो, कारण तिथे बसायला कुणी हटकत नसे.

एकदा तो चढाई करून आला आणि घाम पुसत माझ्यासमोरच बसला. मी सहज म्हणालो, "तुम्ही दर वेळी परत फिरताना डावा खांदा आधी पाडता. समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला ते कळलंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. "आरं मास्तर, हे मला तीन वर्षांत कुनी सांगितलं न्हाई." आणि डबा उघडून म्हणाला, "जेवलास का?"

मी हो म्हणालो. त्यानं अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो मांजरीहून दोन डबे घेऊन आला. एक सायकलच्या दांडीला, एक कॅरियरला. "आईनं सांगितलंय, दोन्ही डबे रिकामे आनायचे. न्हाई तर मलाच मार पडंल." पुढे अडीच वर्षं तो दुसरा डबा चुकला नाही. त्याच्या शेतावर ऊसतोड चालू असे तेव्हा तो स्वतः कॉलेजला येत नसे. पण त्या दिवसांतही त्याच्या गावचा एक दूधवाला डबा आणून देई.

त्यानंच मला संघात घातलं. आमचे सर शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहत. अंगानं किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं असं की समोरच्याला घरी गेल्यावर लागावं. हा त्यांच्यापुढे मला उभं करून म्हणाला, "सर, ह्याला घ्या. ह्याला खेळता येत न्हाई, पन दिसतं लई."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वा! न खेळणारे आपल्याकडे आधीच सात आहेत. आठवे आपण."

पण घेतलं. संघातल्या बारा जणांना वसतिगृहात खाट मिळत असे. बारावी खाट माझी. गिरणीतून ट्रंक उचलून मी वसतिगृहात गेलो. माझ्या पदवीचा पाया त्या खाटेचा आणि त्या डब्याचा आहे.

माझं काम वहीचं. ज्या कॉलेजशी आमचा सामना असेल त्याच्या सरावाला मी जाऊन बसायचो आणि लिहून काढायचो. उजव्या कोपऱ्यातला माणूस घोटा धरतो की मांडी, मधला माणूस कधी पुढे झेप घेतो, कोणाचा पाय दमल्यावर जड होतो. सामन्यात मी सरांशेजारी बसत असे. पुढची चढाई कुणाची, हे सर खुणेनं सांगत. टोपी काढली तर आमचा उंच पोरगा, चष्मा पुसला तर डावखुरा, आणि रुमाल खांद्यावर टाकला तर माझा मित्र. खूण देण्याआधी ते न बघता विचारत, "हं, वही काय म्हणते?" मी सांगायचो. बहुतेक वेळा वही खरी ठरे. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला याची किती नशा चढते, ते मी आज सांगू शकतो. तेव्हा मला ती नशा वाटत नव्हती, अभ्यास वाटत होता.

सरांचा आणखी एक नियम होता. सामना चालू असताना खेळाडूंनी त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. सात जण सात तोंडांनी ओरडत आले की डोकं चालत नाही, असं ते म्हणत. कुणाला काही सांगायचं असेल तर त्यानं मला सांगायचं आणि मी सरांना. पाण्याचा तांब्या घेऊन फिरायला म्हणून मी मैदानाच्या मागे जायचो आणि निरोप घेऊन यायचो. सगळा संघ हा नियम पाळत असे.

चढाया वाटून द्याव्यात हे सरांचं मत. तिघांनी आळीपाळीनं जायचं म्हणजे कुणीच मोडत नाही. माझ्या वहीत मात्र मित्राच्या नावापुढे सगळ्यांपेक्षा जास्त गुण होते. मी ते सरांना दाखवत राहिलो. दोन चढायांतली एक त्याला द्या, मग तिनातल्या दोन.

"अहो वहीवाले," सर एकदा म्हणाले, "कबड्डी सात जणांची असते. आपल्या गावाकडे वेगळी असेल."

पण आकडे माझ्या बाजूचे होते आणि आम्ही जिंकत होतो. हळूहळू सरांचा रुमाल खांद्यावरच राहायला लागला.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी सरावात त्याचा उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखावला. सूज फारशी नव्हती. चालता येत होतं, पळताही येत होतं. पण वळताना तो दात आवळत असे. हे फक्त मला माहीत होतं, कारण त्यानं फक्त मला सांगितलं. पिंपरीकडच्या एका कारखान्याचे दोन साहेब अंतिम सामना बघायला येणार होते. कारखान्याच्या संघात एक चढाईपटू हवा होता, आणि संघात जागा म्हणजे कायमची नोकरी. घरात तीन भाऊ आणि जमीन तिघांना पुरेल एवढी नव्हती. मोठ्या भावानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की शिक्षण झालं की स्वतःचं बघ.

"सरांना कळलं तर बसवत्याल मला," तो म्हणाला. "आन् पट्टी बांधली तर त्या कोपऱ्यातल्या हलकटाला बी कळंल कुठं धरायचं ते."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. त्यांच्या उजव्या कोपऱ्यातला माणूस घोटा धरण्यात वाकबगार होता, हे माझ्या वहीत दोन पानं भरून होतं. त्याच्याकडे गेलं की आपला डावा पाय त्याच्या बाजूला येतो. मी म्हणालो, "पट्टी डाव्या गुडघ्यावर बांध. चांगल्या पायावर. त्याला वाटेल डावा पाय कच्चा आहे. तो त्यावरच झेप घेणार. तू वाट बघत असणार."

तो एवढा मोठ्यानं हसला की शेजारच्या खाटेवरचा मुलगा उठून बसला. "मास्तर, तुझी शाळा कुठल्या गावची रं? सगळी पोरं अशीच लबाड हायती का?"

सामन्याच्या दुपारी मीच ती पट्टी बांधली. सरांनी विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "सर, कातडं सोललंय." सर म्हणाले, "कातडंच ना? मग एवढं बँडेज कशाला? आपण काय लग्नाला निघालात?"

पहिल्या डावात युक्ती अगदी वहीत लिहिल्यासारखी चालली. तो त्या कोपऱ्याकडे जाई, पट्टीचा पाय थोडा पुढे टाके, समोरचा माणूस लालचावून वाकला की त्याच्या पाठीवर थाप मारून परत येई. प्रेक्षक ओरडत होते. खुर्चीवर बसलेले कारखान्याचे साहेब एकमेकांच्या कानाशी लागत होते. मी वहीत खुणा करत होतो. एक गोष्ट मात्र मी वहीत लिहिली नव्हती. डावा पाय सोडवून घ्यायचा तर सगळं अंग उजव्या पायावर फिरवावं लागतं. पट्टी नसलेल्या, दुखऱ्या पायावर. दर चढाईला.

दुसऱ्या डावात त्यांनी आम्हाला गाठलं. एका चढाईत मधल्या दोघांनी त्याला कमरेत धरलं आणि तो बाद झाला. कबड्डीत बाद झालेले खेळाडू मैदानाच्या मागे ओळीनं बसतात. समोरचा एक बाद झाला की ओळीतला पहिला आत येतो. बसलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही. तो आत आला आणि संघानं थोडा वेळ मागून खेळ थांबवला, तरच बदली करता येते. तो ओळीत पहिलाच होता.

मी तांब्या घेऊन गेलो. त्यानं पाणी घेतलं नाही. माझं मनगट धरलं.

"मास्तर, गुडघा सुटल्यागत झालाय. आतून हालतोय. सरांना सांग, मी आत गेलो की टाइम मागा आन् मला बाहेर घ्या. बस झालं."

"आणि कारखान्याचे साहेब?"

"बघितलं त्यांनी काय बघायचं ते. सांग सरांना."

मी परत आलो. पंधरा-वीस पावलांचं अंतर असेल. तेवढ्या अंतरात मी काय काय विचार केला, ते मला आजही क्रमानं आठवतं. आम्ही दोन गुणांनी मागे आहोत. त्यांचा उजवा कोपरा अजून पट्टीकडेच बघतोय. तो बाहेर गेला तर साहेबांना वाटेल पोरगा कच्चा आहे आणि त्याची नोकरी जाईल. म्हणजे न सांगणंच त्याच्या भल्याचं. हा विचार मी स्वतःला फार वर्षं सांगितला आणि त्यात थोडं खरं आहेही. पण त्याच्या खाली दुसरा विचार होता. आणखी एक चढाई झाली तर वहीतलं ते पान पूर्ण खरं ठरेल. मला ते पान खरं ठरायला हवं होतं.

सरांनी न बघता विचारलं, "काय म्हणतोय?"

मी म्हणालो, "पाणी मागितलं, सर."

एवढंच. मी त्यापेक्षा मोठं खोटं आयुष्यात बोललेलो नाही.

आमच्या डावखुऱ्यानं पुढच्याच चढाईत एक गडी टिपला. माझा मित्र उठला, आत आला. आत येताना त्यानं आमच्या बाकाकडे पाहिलं. सर वेळ मागतील याची तो वाट बघत होता. त्यांची एक चढाई रिकामी गेली. सर म्हणाले, "हं, वही काय म्हणते?" मी त्याचंच नाव घेतलं. सरांनी रुमाल खांद्यावर टाकला.

त्यानं तो रुमाल पाहिला. मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं. आणि गेला.

तो उजव्या कोपऱ्याकडे गेला, पट्टीचा पाय पुढे टाकला. त्या माणसानं या वेळी घोटा धरलाच. मधल्यानंही झेप घेतली. माझ्या मित्रानं दोघांना अंगावर घेऊन उजव्या पायावर गिरकी मारली आणि तो पाय भलत्याच दिशेला वळलेला मी पाहिला. तो पडला, पण दम सोडला नाही. 'कबड्डी, कबड्डी' तोंडात चालूच होतं. मातीत कोपरं रोवत तो मध्यरेषेकडे सरकला आणि बोटं रेषेपलीकडे टेकली. पंचांनी शिट्टी वाजवली. दोघे बाद. तेव्हा कुठे त्याचा दम सुटला, आणि 'कबड्डी'ची किंकाळी झाली.

सर धावले. मी त्यांना तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. ते त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पट्टी बांधलेला डावा गुडघा दोन्ही हातांत धरला. ते पट्टी सोडत होते आणि तो ओरडत होता. "सर, तो नाही, दुसरा," असं म्हणायला मला किती वेळ लागला, कोण जाणे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नाही, किंवा तेव्हा नाही कळलं.

आम्ही तो सामना जिंकलो. कारखान्याच्या साहेबांनी आमच्या डावखुऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं.

ससून रुग्णालयात त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितलं की आतली शीर तुटली आहे, हाडालाही तडा गेला आहे; हाड जुळेल पण गुडघा पहिल्यासारखा होणार नाही. त्या काळी त्यावर आपल्यासारख्यांना परवडेल असं काही नव्हतं. सर रोज येत. येताना मोसंबी आणत. हा भिंतीकडे तोंड करून पडे. सर खाटेशी थोडा वेळ उभे राहून जात. मी दोघांच्या मधल्या स्टुलावर बसलेला असे. एकदा जिन्यात सर मला म्हणाले, "मी पोराला फार वापरला. तीन होते, मी एकालाच वापरत राहिलो." मी म्हणालो नाही की सर, मी वापरायला लावलं. त्या वर्षानंतर त्यांनी संघ सोडला. कॉलेजच्या जिमखान्यात फक्त हजेरी आणि खेळाच्या साहित्याचं काम बघू लागले.

माझं शिक्षण चालू राहिलं. डबाही चालू राहिला. त्याच्या आईनं एक दिवसही तो थांबवला नाही. शेवटच्या वर्षी निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन मांजरीला गेलो. आई म्हणाली, "माझ्या एका लेकाचं तरी झालं." हे तिनं माझ्याकडे बघून म्हटलं आणि तो ओसरीवर पाय लांब करून बसला होता. त्याचा पाय तेव्हापासून लांबच असतो, वाकत नाही.

मी सहकार खात्यात लागलो, बदल्यांवर फिरलो, निवृत्त झालो. आता बिबवेवाडीला मुलाकडे राहतो. तो काही वर्षं उसाच्या वजनकाट्यावर बसला, मग भावांबरोबर जमीन बिल्डरला गेली. आता त्याचं इमारतीखाली किराणा दुकान आहे. वर्षातून दोनदा आम्ही भेटतो. तो कबड्डीचं नाव काढत नाही. दुकानातल्या टीव्हीवर कबड्डी लागली तर चॅनेल बदलतो.

गेल्या वर्षी सर गेले. शनिवार पेठेत शोकसभेला मी गेलो. सरांच्या पत्नींनी मला बाजूला घेतलं. "तो मांजरीचा नाही आला?" मी म्हणालो, "पाय दुखतो त्याचा." त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला हे त्याच्यासाठी फराळाचा डबा भरून ठेवायला लावत. भाऊबीज होईपर्यंत तो डबा तसाच. मग म्हणत, राहू दे, मुलांना वाट. नेऊन द्यायला पाय उचलत नसे त्यांचा."

पुढच्या रविवारी मी मांजरीला गेलो. त्याला म्हणालो, "यायला हवं होतंस."

त्यानं काउंटरवरचा चहा माझ्याकडे सरकवला. "मास्तर, तू सज्जन मानूस हाय म्हनून तुला कळत न्हाई. मी निरोप धाडला हुता. तू जाऊन सांगितलास. तरी त्या मानसानं रुमाल टाकला. माझ्या तोंडाकडं बघून टाकला. त्याच्या मढ्याला मी का यावं?"

दुकानात एक बाई साबण मागत होती. त्यानं कुबडीनं वरचा डबा खाली ओढला, साबण दिला, हसून सुटे परत केले. मी चहा प्यायलो आणि घरी आलो. घरी आल्यावर तीन दिवसांनी हे पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

इथून तुझ्या दुकानापर्यंत रिक्षानं येता येतं, तरी पत्र लिहितोय. तुझ्यासमोर बसलो की तू चहा देतोस आणि मग मला बोलता येत नाही.

त्या दिवशी तू मला जो निरोप दिलास तो मी सरांना सांगितला नाही. सरांनी विचारलं, काय म्हणतोय. मी म्हणालो, पाणी मागितलं. त्यांना तुझा उजवा गुडघा दुखावल्याचं माहीतच नव्हतं. पट्टी डावीकडे आहे, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. पुढची चढाई कुणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा तुझं नाव मी घेतलं. रुमाल त्यांच्या हातून पडला, पण टाकला मी.

मी तुझ्या नोकरीसाठी गप्प बसलो असं स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. मला माझी वही खरी करायची होती.

सर तुला भेटायला दवाखान्यात येत तेव्हा तू भिंतीकडे बघायचास आणि मी मध्ये बसायचो. एका वाक्यात ते थांबलं असतं. मी बोललो नाही. ते गेले तेही 'मी पोराला फार वापरला' असंच समजून गेले. त्यांच्या बाईंनी सांगितलं, दर दिवाळीला तुझ्यासाठी डबा भरला जायचा. तो तुला कधी मिळाला नाही, यालाही कारण मीच.

तुझ्या आईच्या भाकरीवर मी शिकलो. तिला हे सांगायला ती आता नाही. तुला सांगतोय. माफी मागत नाही. माफ केलंस तर मला हलकं वाटेल, आणि मला हलकं वाटावं असं काही मी केलेलं नाही. एकच मागणं आहे. सरांना शिव्या देणं बंद कर. त्या माझ्या नावावर कर.

येत्या रविवारी सकाळी मी येईन. दुकानासमोर लिंबाखाली उभा राहीन. तू आत बोलावलं नाहीस तर अकरापर्यंत थांबून परत जाईन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुझा,
मास्तर